दादासोबत त्या मिस्सेला जावे का?

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर दादा मला संत पायस दहावे यांच्या नावाच्या संघाच्या प्रार्थनागृहात लॅटिन मिस्सेला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेला, घेऊन गेला. वडिलांचे जुने मिस्सेचे पुस्तक हातात धरून त्या शांततेत गुडघे टेकले, तेव्हा कित्येक आठवड्यांनी मला रडू आले आणि प्रार्थनाही करता आली. गेले चार महिने मी महिन्यातून दोनदा तिथे जाते. आमचे फादर म्हणतात, तो संघ पोपच्या आज्ञेत नाही, तिथे जाऊ नका. दादा म्हणतो, आपल्या धर्मग्रामातली मिस्सा खरी मिस्साच नव्हे. त्याच्या मुलीचे लग्नही तिथेच ठरत आहे. माझ्या हातून पाप घडते आहे का?
– दोघांच्या मध्ये सापडलेली बहीण

प्रिय ताई,

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण तो प्रश्न घेऊन तुम्ही चार महिने झोपत आणि उठत आहात. प्रार्थनेच्या ओढीने, वडिलांच्या आठवणीने तुम्ही त्या मिस्सेला गेलात, यात पाप नाही. हे माझे सांत्वनाचे शब्द नव्हेत. या संघाशी संबंधित बाबी पाहण्यासाठी नेमलेल्या व्हॅटिकनच्या आयोगाने 2003 साली एका कॅथलिक व्यक्तीच्या नेमक्या याच प्रश्नाला पत्राने उत्तर दिले होते. केवळ भक्तीपोटी 1962 च्या, म्हणजे जुन्या लॅटिन विधीच्या, मिस्सेत सहभागी होणे पाप नाही. मात्र पोपपासून आणि त्यांच्याशी ऐक्यात असलेल्यांपासून वेगळे व्हायचे आहे हे दाखवण्यासाठी कोणी गेले, तर ते पाप ठरेल, असा त्याचा आशय होता. रविवारच्या मिस्सेचे बंधन काटेकोर अर्थाने तिथे पूर्ण होऊ शकते, असेही त्यात म्हटले होते.

मग फादर चुकले का? नाही. इथे दोन शब्दांमधला फरक कळला की निम्मा गोंधळ संपतो. एक शब्द ‘वैध’ आणि दुसरा ‘विधिसंमत’. संघाच्या धर्मगुरूंना खरी दीक्षा मिळालेली आहे, म्हणून त्यांच्या वेदीवर ख्रिस्त खरोखर उपस्थित होतो, म्हणजेच मिस्सा वैध आहे. परंतु धर्मगुरूला सेवाकार्य करण्याचा अधिकार आपोआप मिळत नसतो, तो ख्रिस्तसभेकडून मिळावा लागतो आणि या संघाला ख्रिस्तसभेत कायदेशीर स्थान नाही, म्हणून ती मिस्सा विधिसंमत नाही. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी 1970 साली स्वित्झर्लंडमध्ये बिशपांच्या मान्यतेने हा संघ सुरू केला, 1975 साली ती मान्यता काढून घेण्यात आली आणि 30 जून 1988 रोजी त्यांनी पोपची अनुज्ञा नसताना चार धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा दिली. त्यामुळे त्या चौघांवर आलेला बहिष्कार पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2009 साली उठवला, पण त्याच वर्षी बिशपांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले की संघाला कायदेशीर स्थान मिळेपर्यंत त्याच्या धर्मगुरूंचे सेवाकार्य विधिसंमत नाही. बहिष्कार उठणे म्हणजे घरी परतणे नव्हे, हा भेद दादासारखे लोक बहुधा गाळतात.

लग्नाच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला विनवते की स्वस्थ बसू नका. मिस्सा वैध व्हायला दीक्षा पुरते, पण विवाहसंस्कार वैध होण्यासाठी वधूवरांची संमती स्वीकारणाऱ्या धर्मगुरूला स्थानिक बिशप किंवा प्रमुख धर्मगुरूकडून अधिकार मिळालेला असावा लागतो. पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने 2017 साली यावर मार्ग निघाला : शक्य असेल तिथे धर्मप्रांताच्या धर्मगुरूने संमती स्वीकारावी आणि नंतरची मिस्सा संघाच्या धर्मगुरूने करावी, ते शक्य नसेल, तर बिशप संघाच्या धर्मगुरूला तो अधिकार देऊ शकतात. तेव्हा ‘बिशपांची परवानगी लेखी मिळाली आहे का?’ एवढा एकच प्रश्न दादाला विचारा, तोही पत्रिका छापण्याआधी. तुमच्या भाचीच्या विवाहाच्या वैधतेबद्दल पुढे कोणाच्या मनात शंका राहू नये, यासाठी आत्या म्हणून एवढे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पापनिवेदनाची स्थिती वेगळी आहे : संघाच्या धर्मगुरूंकडून मिळणारी पापक्षमा वैध आणि विधिसंमत ठरेल, अशी सवलत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली करुणेच्या वर्षासाठी दिली आणि 2016 साली पुढेही चालू ठेवली. हे सारे फक्त या संघाला लागू आहे. पोपचे आसन रिकामे आहे, म्हणजे आजचे पोप खरे पोपच नव्हेत, असे मानणाऱ्या गटांना किंवा कोणाच्याही आज्ञेत नसलेल्या एकट्या धर्मगुरूंना यातले काही लागू नाही. तिथे जाऊ नका.

आता दादाच्या त्या वाक्याकडे येते, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. लॅटिन मिस्सेवर प्रेम करणे वेगळे आणि पोप पॉल सहावे यांनी 1969 साली जाहीर केलेल्या विधीनुसार जगभर रोज होणारी मिस्सा खरी नव्हे म्हणणे वेगळे. दुसरी गोष्ट कोणीही कॅथलिक म्हणू शकत नाही. तुम्ही वर्षानुवर्षे ज्या वेदीसमोर कम्युनियन घेतलेत तिथेही तोच ख्रिस्त होता. ते पटवण्यासाठी दादाशी वाद घालत बसू नका, पण ते वाक्य तुमच्या मनात रुजूही देऊ नका. चार महिन्यांत तुम्हाला तुमच्या धर्मग्रामातल्या मिस्सेत उगाच दोष दिसू लागले आहेत का, शेजारी गुडघे टेकलेली बाई तुम्हाला कमी भाविक वाटू लागली आहे का, हे मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर तिथे जाणे थांबवा, नियमाखातर नव्हे, स्वतःसाठी.

वडिलांचे ते पुस्तक जवळच असेल, तर मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेचे पहिले पान उघडा. पहिल्याच परिच्छेदात दोन ठिकाणी ‘एन’ हे एकच अक्षर छापलेले दिसेल. पहिल्या अक्षराच्या जागी पोपचे नाव घ्यायचे असते आणि दुसऱ्याच्या जागी त्या धर्मप्रांताच्या बिशपचे. संघाचे धर्मगुरूही ही नावे घेतात. आसन रिकामे मानणारे घेत नाहीत. जुन्या विधीत ही प्रार्थना हळू आवाजात होते, म्हणून तुम्हाला ती ऐकू आली नसेल. पण तुमचे वडील त्या ओळीवर बोट ठेवून ज्या बिशपसाठी प्रार्थना करत असतील, त्या पदावरच्या आजच्या बिशपकडूनच तुमच्या फादरांना अधिकार मिळाला आहे.

शांतता हवी असेल, तर ती मिळण्याच्या आणखी जागा आहेत. संत पेत्राच्या नावाचा धर्मगुरुसंघ 1988 साली पोपशी ऐक्य राखूनच स्थापन झाला आणि तो जुन्या विधीनेच मिस्सा करतो. 2021 पासून जुन्या विधीला परवानगी देणे मुख्यतः त्या त्या धर्मप्रांताच्या बिशपांच्या हाती आहे, त्यामुळे बिशपांच्या कार्यालयात चौकशी करा. संघाची आजची स्थितीही तिथेच विचारा, कारण या बाबतीतले नियम पोपागणिक बदलत आले आहेत. नवी मिस्साही लॅटिनमध्ये, मौन राखून, जुन्या गायनासह करता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तुमच्या फादरांना महिन्यातून एकदा तशी मिस्सा करण्याची विनंती करून पाहा. यातले काहीच जवळ नसेल आणि कधीतरी दादासोबत गेलात, तर मन खात बसू नका. पण रविवारचे तुमचे घर तुमचे धर्मग्रामच राहू द्या.

फादरांना भेटा तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका. वडील गेल्यानंतर प्रार्थना सुचत नव्हती आणि तिथे सुचली, एवढेच सांगा. त्यांनी ‘जाऊ नका’ म्हटले तेव्हा हे त्यांना ठाऊक नसावे. आणि वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनाची मिस्सा तुमच्याच धर्मग्रामात ठेवा, ते पुस्तक सोबत न्या आणि दादाला निमंत्रण द्या. तो कदाचित येणार नाही. तरीही त्याच्यासाठी शेजारची जागा राखून ठेवा.