निवृत्तीच्या पैशातून समुद्राजवळ बंगला घ्यावा का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी लवकरच निवृत्त होतोय. समुद्रापासून पाच मिनिटांवर एक बंगला मिळतोय. साठवलेल्या रकमेतला दोन तृतीयांश भाग त्यात जाईल, उरलेल्या किमतीसाठी पंधरा वर्षांचं कर्ज काढू. सुट्ट्यांच्या हंगामात तो भाड्याने द्यायचा आणि पंचाहत्तरीनंतर विकून मुलीजवळ राहायला जायचं, असा बेत आहे. समुद्राची पातळी वर्षाला काही मिलिमीटरच वाढते, मग आमच्या हयातीत काय फरक पडणार?

उत्तर : हा बंगला घेऊ नका, निदान या पैशातून तरी नको.

तुम्ही तो पुढे विकणार आहात, म्हणून हिशेब तुमच्या हयातीपाशी थांबत नाही. तेव्हाचा गिऱ्हाईक त्याच्या पुढच्या पंचवीस-तीस वर्षांकडे बघून किंमत सांगेल. त्याला कर्ज देणारी बँकही तेवढंच लांबचं बघेल.

आता मिलिमीटरचं. १९०१ ते १९७१ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी वर्षाला १.३ मिलिमीटरने वाढत होती. २००६ ते २०१८ मध्ये हा वेग ३.७ मिलिमीटर झाला. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार २०५० पर्यंतची वाढ, १९९५ ते २०१४ च्या सरासरीशी तुलना करता, साधारण १५ ते ३० सेंटिमीटर असेल. म्हणजे वीतभर. हवा तापवणाऱ्या वायूंचं प्रदूषण आटोक्यात आलं तरी तोवरच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही, कारण समुद्राने उष्णता आधीच शोषून घेतली आहे. शिवाय इंडोनेशियातल्या जकार्तासारखी जमीनच खचत असेल, तर तिथे पाणी त्याहून कितीतरी वेगाने चढतं.

वीतभर पाण्याने बंगला बुडणार नाही. पण सपाट किनाऱ्यावर उधाणाचं पाणी तेवढ्यानेही बरंच आत येतं. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारांची तोंडं समुद्रात उघडतात, त्यांतून ते उलटं वर चढतं. अमेरिकेतल्या मायामी बीचमध्ये निरभ्र आकाश असतानाही रस्त्यांवर पाणी यायचं. शेवटी रस्ते उंच करावे लागले, पंप बसवावे लागले. तुमचं जोतं उंच असेल, पण येण्याजाण्याचा रस्ता, विजेचं उपकेंद्र, सांडपाण्याची व्यवस्था या गोष्टी तुमच्या हातात नाहीत. विहिरीत खारं पाणी शिरतं, काँक्रीटमधल्या सळया गंजतात. भरतीच्या वेळी रस्ता बंद होतो हे कळलं, की हंगामातले भाडेकरूही दुसरीकडे जातात.

आता विम्याचं बघा, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. तुमचं कर्ज पंधरा वर्षांचं असेल, विमा मात्र बहुतेकदा दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. प्रीमियम दुप्पट करायचा की नूतनीकरण नाकारायचं, हे कंपनी दरवर्षी ठरवू शकते. कर्जाचा हप्ता मात्र भरतच राहावा लागतो. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ ऐकायला लांबचा वाटतो. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, आणि तीस वर्षांत एकदा तरी तो येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. समुद्र चढत असताना तो १ टक्काही स्थिर राहत नाही. विमा मिळेना झाला की बँका तारण घ्यायला कचरतात, आणि मग रोख पैसे मोजू शकणारे मोजके लोकच गिऱ्हाईक उरतात.

वेल्समधल्या फेअरबोर्न गावात हेच घडलं. या गावाचं समुद्रापासून कायम संरक्षण करता येणार नाही, असं तिथल्या किनारा आराखड्यात ठरलं. गाव आजही उभं आहे, लोक राहतात. पण ती बातमी पसरल्यावर घरांच्या किमती घसरल्या आणि गृहकर्ज मिळणं अवघड झालं. पाणी घरात शिरायच्या आधीच पैसा अडकला. थेम्स बॅरियर, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या नदीवरच्या दरवाजांमागच्या लंडनची गोष्ट वेगळी. एवढा खर्च महानगरासाठी होतो, तुरळक बंगल्यांसाठी कोण करणार?

समुद्राजवळ राहायची तुमची इच्छा मी समजू शकतो. ती भाड्याच्या घरातही पुरी होईल. दोन-तीन वर्षांचा करार करा आणि जमवलेली रक्कम हाताशी राहू द्या. वयाच्या सत्तरीत अचानक मोठा औषधोपचार निघाला, तर बंगल्याची एक खोली विकता येत नाही.

तरीही घ्यायचंच असेल, तर कर्जाशिवाय घ्या आणि एकूण जमवलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त त्यात घालू नका. त्या घराची किंमत शून्य धरूनही महिन्याचा खर्च भागला पाहिजे. किनाऱ्यापासूनच्या अंतरापेक्षा सर्वांत मोठ्या भरतीच्या रेषेपासूनची उंची मोजून घ्या. टेकाडावरचं घर समुद्राला खेटून असलं तरी चालेल, फक्त खालचा कडा ढासळत नाही ना, ते तपासा. पाच मिनिटांवरचं सखल घर नको.

आणि इसार देण्याआधी दोन विमा कंपन्यांकडून पूर आणि वादळ धरून लेखी दर मागवा, जुन्या मालकाने आजवर केलेल्या दाव्यांची माहितीही मागा. दोघींनी नकार दिला किंवा मालक दाव्यांबद्दल बोलायला तयार झाला नाही, तर तिथूनच परत फिरा.