उंच टॉवरवर कॅमेरा निवडताना

मेगापिक्सेल नंतर बघा. ३० मीटरवर कॅमेरा बसला की काच पुसायलाही माणूस चढवावा लागतो, आणि भर पावसाळ्यात कोणी चढणार नाही, चढूही नये. म्हणून पीओई कॅमेरा घ्या. वीज आणि चित्र एकाच केबलमधून जातं, आणि तो अडकला तर खाली नेटवर्क स्विचचा (ही केबल जिथे जोडतात त्या पेटीचा) पोर्ट बंद-चालू करून रीस्टार्ट होतो. या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यात टॉवरची उंचीच नाही, खालच्या खोलीपर्यंतचं अंतरही धरा. त्याहून लांब असेल तर फायबर. मग वर वीज वेगळी न्यावी लागेल.

दुकानदार झूम दाखवून भुलवेल. पण वाऱ्यात टॉवर हलतो आणि झूम वाढवला की ती थरथर पडद्यावर तेवढीच मोठी होते. स्टॅबिलायझेशन (चित्राची थरथर कमी करणारी सोय) नसेल तर तो झूम फुकट! नुसतं आवारच बघायचं असेल तर फिरणारा कॅमेरा नकोच, दोन-तीन स्थिर लावा. फिरणारे भाग आधी बिघडतात.

रात्रीसाठी कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड दिव्यांवर विसंबू नका. इतक्या उंचीवरून उजेड अपुरा पडतो, शिवाय त्याला किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. लेन्सवरच जाळं! दिवे खाली, वेगळ्या खांबावर लावा.

धूळ-पाणी आत शिरू न देण्याचं आयपी६६ किंवा आयपी६७ मानांकन हवंच. समुद्र जवळ असेल तर क्लॅम्प आणि नटबोल्ट सहसा न गंजणाऱ्या ३१६ ग्रेड स्टेनलेस स्टीलचे घ्या. कॅमेरा वीजरोधकाच्या (आकाशातली वीज झेलणाऱ्या दांड्याच्या) टोकापासून बराच खाली ठेवा, केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक येणारा झटका अडवणारं साधन) लावा आणि अर्थिंग मोजून घ्या.