स्वतःच्याच पेशींचे औषध : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या ताईच्या २२ वर्षांच्या मुलाला ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया’ म्हणजे रक्ताचा कॅन्सर असल्याचे निदान झाले. केमोथेरपीचा पहिला टप्पा नुकताच संपला असून बोन मॅरोचा रिपोर्ट यायचा आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या कार-टी उपचाराविषयी घरच्यांनी वाचले आहे. केमोत वेळ न दवडता घणसोलीची खोली विकून लगेच तोच उपचार घ्यावा, असा नातेवाइकांचा आग्रह आहे आणि भावोजींचीही तयारी झाली आहे. आम्ही काय करावे? — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : खोली विकण्याची घाई करू नका. मज्जेचा (बोन मॅरोचा) रिपोर्ट हाती येण्याआधी तर मुळीच नको. कार-टी हा केमोला पर्याय म्हणून सुरुवातीलाच द्यायचा उपचार नाही. केमोने आजार आटोक्यात आला नाही किंवा आटोक्यात येऊन पुन्हा उलटला, अशा रुग्णांसाठी त्याला आपल्याकडे मान्यता मिळालेली आहे. या वयाच्या अनेक रुग्णांचा आजार पहिल्या टप्प्यातच आटोक्यात येतो आणि पुढचे टप्पे न चुकता पूर्ण केल्यास त्यांतील बरेच जण बरे होतात. त्यामुळे आपल्या भाच्याच्या बाबतीत आज सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुरू असलेल्या केमोत खंड न पडणे ही होय.

तरीही हा उपचार नेमका काय आहे हे समजून घेणे योग्यच आहे, कारण पुढे कधी त्याचा विचार करावा लागलाच तर आपला निर्णय ऐकीव माहितीवर बेतलेला नसेल. आपल्या रक्तात टी-पेशी असतात आणि विषाणूंची लागण झालेल्या पेशी ओळखून मारणे हे त्यांचे काम असते. कॅन्सरची पेशी मात्र शरीराचीच असल्यामुळे ती त्यांच्या नजरेतून सुटते. कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक घालतात आणि त्या जनुकामुळे पेशीच्या पृष्ठभागावर ‘सीडी१९’ हे प्रथिन ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) तयार होतो. सीडी१९ हे बी-पेशींवर, म्हणजे प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनवणाऱ्या वंशातील रक्तपेशींवर असते, मग त्या निरोगी असोत वा कॅन्सरच्या. अशा बदललेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला परत दिल्या की त्या शरीरात आणखी वाढतात आणि बी-पेशी शोधून नष्ट करतात.

पेशी काढण्याची क्रिया बाहेरून पाहताना प्लेटलेट दान करण्यासारखीच दिसते : रक्त नळीने यंत्रात जाते, हव्या त्या पेशी पिशवीत साठतात, उरलेले रक्त परत रुग्णाच्या शरीरात येते आणि या सगळ्याला काही तास लागतात. त्यानंतर पेशी तयार होऊन, त्यांची गुणवत्ता तपासून होईपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. पेशी देण्यापूर्वी तीन-चार दिवस केमोची औषधे पुन्हा द्यावी लागतात, म्हणजे नव्या पेशींना वाढायला जागा मिळते. ‘केमो टाळण्यासाठी कार-टी’ ही समजूत येथेच चुकते. प्रत्यक्ष पेशी देणे सर्वांत सोपे असते. शिरेतून थोडे द्रावण सोडले की झाले. खरी कसोटी त्यापुढच्या दोन आठवड्यांची असते. ताप चढतो, रक्तदाब उतरू शकतो, काही रुग्णांत भान हरपणे किंवा बोलताना शब्द न सुचणे अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. म्हणूनच अतिदक्षता विभाग हाताशी असलेल्या केंद्रातच हा उपचार केला जातो.

या तापाचा उलगडा कसा झाला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या सहा-सात वर्षांच्या मुलीला, लहान मुलांपैकी प्रथमच, हा उपचार दिला गेला, तेव्हा ती अत्यवस्थ होऊन व्हेंटिलेटरवर गेली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डॉ. कार्ल जून यांच्या चमूला तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हे द्रव्य प्रचंड वाढलेले आढळले. जून यांच्या मुलीला बालसंधिवात असल्यामुळे याच द्रव्याला अडवणारे टोसिलिझुमॅब हे संधिवातावरील औषध त्यांना माहीत होते. ते देताच एमिली सावरली, तिचा कॅन्सर गेला आणि तो परतला नाही. तिचा निभाव लागला नसता, तर २०१७ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मिळालेली पहिली मान्यता कितीतरी लांबली असती, असे मला वाटते. आज हे औषध प्रत्येक कार-टी केंद्रात तयार ठेवलेले असते.

आता आपल्याकडील संशोधनाविषयी. पवई येथील आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत या पेशींची रचना झाली, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रुग्णांवर चाचण्या केल्या आणि पहिल्या रुग्णाला २०२१ मध्ये आपल्या खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात पेशी दिल्या गेल्या. ‘नेक्सकार१९’ या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. मार्च २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्यातील परिणाम मोजता आला, अशा रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के जणांत आजाराने उपचाराला प्रतिसाद दिला. हे सर्व रुग्ण आधीचे उपचार निष्फळ ठरलेले होते, हे लक्षात घेतले तर हा आकडा फार मोलाचा आहे. मात्र प्रतिसाद मिळणे म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे. काहींचा आजार काही महिन्यांत परत येतो, कधी कॅन्सरच्या पेशी सीडी१९ हे प्रथिनच टाकून देतात आणि मग नव्या टी-पेशींना त्या ओळखता येत नाहीत.

परदेशात या उपचाराच्या केवळ औषधाची किंमत तीन कोटी रुपयांच्या घरात होती. आपल्याकडे विषाणू-वाहक आणि पेशी दोन्ही येथेच तयार होत असल्यामुळे ती ३० ते ४० लाखांच्या आसपास आली. ही घट विद्यापीठीय संशोधनाचे मोठे यश आहे, याबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. पण नवी मुंबईतील नोकरदार कुटुंबासाठी ४० लाख म्हणजे राहते घर असते, हेही तितकेच खरे आहे. शासकीय आरोग्य योजनांनी या उपचाराचा भार उचलावा, अशी मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य विचारा. आजार बी-पेशींचा आहे की टी-पेशींचा, हे फाइलमधील फ्लो सायटोमेट्रीच्या रिपोर्टवर लिहिलेले असते. टी-पेशींचा असल्यास सीडी१९ वर बेतलेला हा उपचार लागूच पडत नाही. दुसरे म्हणजे, मज्जेत अगदी सूक्ष्म प्रमाणात उरलेला आजार मोजणाऱ्या ‘एमआरडी’ तपासणीचा निष्कर्ष काय आला? पुढची दिशा मुख्यतः त्यावर ठरेल. भावोजींना शक्यतो सोबत न्या, म्हणजे त्यांच्या शंकांचे तिथल्या तिथे निरसन होईल.

प्रश्न : माझ्या मुलीला ल्युपस आहे. कार-टी उपचाराने ल्युपस बरा झाल्याचे वाचले. ते खरे आहे का? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बातमीला आधार आहे. ल्युपसमध्ये बी-पेशी शरीराविरुद्धच प्रतिपिंडे बनवतात, म्हणून त्या पुसून टाकल्या तर आजार थांबेल, हा विचार जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठाच्या डॉ. गेऑर्ग शेट यांच्या गटाने प्रत्यक्षात आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील आठ ल्युपसचे होते आणि ते आठही जण लक्षणमुक्त झाले. इतकेच नव्हे, तर सर्व १५ जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद करता आली. काही महिन्यांनी बी-पेशी पुन्हा तयार झाल्या, तरी आजार उलटला नाही. ही बाब मला सर्वांत आशादायक वाटते.

परंतु हे रुग्ण थोडे होते आणि त्यांचा आजार अन्य औषधांना न जुमानणारा होता. मोठ्या चाचण्या पूर्ण होईपर्यंत मुलीच्या गोळ्या, विशेषतः हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. दरम्यान लघवीतील प्रथिनांची तपासणी वेळच्या वेळी करा, कारण ल्युपसने मूत्रपिंडाला पोहोचवलेली इजा सुरुवातीला जाणवत नाही.

प्रश्न : स्तनाच्या कॅन्सरसाठी हा उपचार मिळू शकेल का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : सध्या नाही. बी-पेशी काही काळ नसल्या तरी माणूस जगू शकतो, गरज पडल्यास प्रतिपिंडे बाहेरून देता येतात. स्तनाच्या गाठीवर मात्र जी प्रथिने असतात, ती कमी-अधिक प्रमाणात फुप्फुसासारख्या अवयवांवरही असतात आणि त्यांच्यावर हल्ला झाला तर तो जिवावर बेतू शकतो. शिवाय घट्ट गाठीच्या आत टी-पेशींना शिरणे आणि तग धरणे अवघड जाते. यावर अनेक विद्यापीठांत काम सुरू आहे. कोणी पैसे घेऊन हा उपचार देऊ करत असेल, तर त्याला ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया’तील नोंदणी क्रमांक विचारा; तो नसेल तर तिथे थांबू नका.