वाचनाचा आकडा घसरला, आता काय?

प्रश्न : दर आठवड्याला मी मुलांचं एक मिनिटाचं वाचन तपासते. एका मुलीचे बरोबर वाचलेले शब्द ४२ वरून ३८ वर आले. शिकवण्याची पद्धत बदलू का?

उत्तर : एवढ्यावरून नको. उतारा जरा अवघड असला तरी इतका फरक पडतो. म्हणून उतारे एकाच काठिण्यपातळीचे घ्या. दर आठवड्याचा आकडा आलेखावर बिंदूने मांडा. पहिल्या ३ चाचण्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावून जो मधला येईल, त्यापासून उद्दिष्टापर्यंत, म्हणजे जितके शब्द गाठायचे त्या आकड्यापर्यंत, रेघ ओढा. सलग ४ बिंदू रेघेखाली गेले, तर मात्र वाट न पाहता पद्धत बदला. काय बदलायचं ते चुका सांगतात, म्हणून त्या लिहून ठेवाच. ‘प्रकाश’चं ‘परकाश’ होत असेल तर जोडाक्षरांचा सराव हवा; शब्द बरोबर पण अडखळत येत असतील तर तोच उतारा पुन्हापुन्हा वाचून घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि त्या तारखेला आलेखावर उभी रेघ मारा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.