उद्दिष्ट असं लिही की मार्चमध्ये तपासता येईल

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूशास्त्र. विभागाने प्रत्येकाला वर्षभराची अध्ययन-उद्दिष्टं लिहून मागितली. मी लिहिलं, ‘खनिजांची माहिती घेणे, नकाशे समजून घेणे, फील्डवर्कची आवड निर्माण करणे.’ मॅडमनी ‘यातलं काय झालं हे मार्चमध्ये कसं कळणार?’ असा शेरा मारून कागद परत दिला. बाबा म्हणतात, सरळ नोकरीचं उद्दिष्ट लिही. काय लिहू?
– एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : मॅडमवर रागावू नकोस, त्यांनी तुझं अर्धं काम करून दिलंय.

‘माहिती घेणे’, ‘समजून घेणे’ ही क्रियापदं फसवी आहेत. समजलं की नाही, हे परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत आपलं आपल्यालाही कळत नाही. हाताने करून दाखवता येईल असं काहीतरी लिही. उदाहरणार्थ : ‘लेबल झाकलेले वीस नमुने समोर ठेवले, तर भिंग, चाकू, काचेचा तुकडा आणि विरल आम्ल एवढ्यावर निदान सोळा ओळखेन आणि प्रत्येकाचं कारण एका ओळीत लिहीन.’ यातलं कारण सोडू नकोस. क्वार्ट्झही पांढरं, कॅल्साइटही पांढरं. पण क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतं. कॅल्साइटवर चाकूने सहज ओरखडा उठतो आणि आम्लाचा थेंब पडला की ते फसफसतं. ‘बघितल्या बघितल्या ओळखलं’ म्हणणाऱ्या मुलांनी बऱ्याचदा प्रयोगशाळेतला तोच तो तुकडा पाठ केलेला असतो. तुकडा बदलला की त्यांची पंचाईत होते.

नकाशांचं थोडं अवघड आहे, कारण तिथे सपाट कागदावरून जमिनीच्या पोटातलं दिसावं लागतं. आडवा थर असेल तर त्याची सीमा समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) बरोबरीने वळत जाते. उभी डाइक (भेगेत घुसून गोठलेल्या वितळलेल्या खडकाची भिंत) मात्र डोंगर-दरी काही न बघता नकाशावर सरळ धावते. हे वाक्य पाठ करून उपयोग नाही. ‘न पाहिलेल्या नकाशावरून एका बैठकीत, कुणाला न विचारता, उभा छेद (जमीन उभी कापली तर आत थर कसे दिसतील त्याचं चित्र) काढेन आणि कुठला खडक आधीचा, कुठला नंतरचा हे क्रमाने सांगेन’ असं लिही. पहिले पाच-सहा छेद चुकतील. ते फाडू नकोस, तारीख घालून वहीत ठेव. मार्चमध्ये मॅडमना दाखवायला तोच पुरावा.

आवडीची ओळ मात्र काढून टाक. आवड ठरवून निर्माण होत नसते. त्या जागी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सवय लिही : मला काय दिसलं आणि त्यावरून मला काय वाटतं. वहीच्या डाव्या पानावर निरीक्षण, उजव्या पानावर अनुमान. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला एकदा अशी वही घेऊन जा. बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाचे उभे खांब, अंदाजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. ‘खांब जवळपास उभे आहेत’ हे डावीकडे. लाव्हा थंड होताना आक्रसतो, तडकतो, आणि ते खांब थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढत जातात. म्हणजे इथे तो पृष्ठभाग साधारण आडवा असावा, हे उजवीकडे. हातोडी घरीच ठेव, तिथे चित्र काढ आणि होकायंत्राने दिशा मोज. कान्हेरीलाही तसंच.

मुंबईकर विद्यार्थ्यांची एक उणीव मला नेहमी दिसते. दख्खनचा कातळ, म्हणजे हाच बेसॉल्ट, त्यांच्या इतका ओळखीचा असतो की गाळाचे आणि रूपांतरित खडक पुस्तकातच राहतात. सहलीची वाट बघत बसू नकोस. फोर्टातल्या जुन्या इमारतींमध्ये मालाडचा, कुर्ल्याचा दगड आहे तसा पोरबंदरचा चुनखडकही आहे, तो गाळाचा. तुमच्या घरात ओट्याखाली कडप्पा असेल किंवा जुन्या चाळीत शहाबादी फरशी, तर तोही बहुधा चुनखडकच. संगमरवर रूपांतरित. आणि दुकानदार ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतो तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, बेसॉल्टच्याच नात्यातले खडक. म्हणून आणखी एक उद्दिष्ट : ‘बेसॉल्ट सोडून दहा खडक शहरातच शोधून त्यांची सचित्र नोंद करेन.’ (आम्लाचा प्रयोग आईच्या ओट्यावर करू नकोस. फरशीवाल्याकडे तुटके तुकडे मिळतात.)

एवढी चार पुरेत. चौदा लिहिलेली यादी पहिल्या चाचणीनंतर कुणी उघडत नाही.

बाबांचंही चूक नाही, फक्त त्यांच्या म्हणण्याला वेगळा कागद घे. त्यावर लिही : आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम परीक्षा, तिच्यात भूशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो, आयआयटी मुंबईत उपयोजित भूशास्त्राची एमएस्सी आहे. पदव्युत्तर पदवीनंतर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, तिथून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा केंद्रीय भूजल मंडळ. शिवाय बोगदे. भुयारी मेट्रोसाठी आणि कोस्टल रोडसाठी मलबार हिलखाली याच शहराचा खडक पोखरावा लागला, आणि पुढे कसला खडक लागणार हे आधी सांगणारा माणूस तिथे लागतोच. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात कर. बाबांना हेही सांग की या दुसऱ्या कागदावरच्या कुठल्याही मुलाखतीत हातात दगड देऊन ‘हे काय आहे, आणि कशावरून?’ असा प्रश्न येऊ शकतो. त्याची तयारी पहिल्या कागदावर आहे.

नवी यादी मॅडमना दे, आणि त्यांनाच वीस नमुने निवडायला सांग. स्वतः निवडू नकोस, आपण नकळत सोपे उचलतो. ओट्याचा दगड कुठला निघाला ते मला कळव.