‘यूजीसी मान्यताप्राप्त’ एवढ्यावर भागतं का?

प्रश्न : मुलीच्या बी.टेक.साठी एका नव्या खासगी विद्यापीठातून रोज फोन येतात. ‘यूजीसी मान्यताप्राप्त, नॅक ए प्लस, ९० टक्के प्लेसमेंट, सरासरी पॅकेज ६.७ लाख. आजच जागा पक्की केलीत तर फीत सवलत.’ काय तपासावं?

उत्तर : सवलतीच्या घाईत पडू नका. फोन रोज येतात, कारण जागा भरायची गरज त्यांना आहे.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, संकेतस्थळावर खासगी विद्यापीठांची राज्यवार यादी असते. तीत नाव आहे म्हणजे पदवी देण्याचा अधिकार आहे, बस्स. शिकवतात कसं, ते यादी सांगत नाही. तरी बघाच. छत्तीसगडमध्ये २००२च्या कायद्याखाली शंभराहून जास्त खासगी विद्यापीठं निघाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये त्यांचा पायाच रद्द केला. शिवाय खासगी विद्यापीठाला दुसऱ्या कॉलेजांना संलग्नता देता येत नाही. वर्ग भलत्याच कॉलेजच्या इमारतीत भरणार असतील, तर तिथेच थांबा. फार्मसी, विधी, बी.एड. असेल तर त्या-त्या परिषदेची त्या अभ्यासक्रमाला मंजुरी वेगळी लागते.

नॅक ही संस्था कॉलेजं-विद्यापीठांचं मूल्यांकन करून श्रेणी देते. ती श्रेणी कोणाची, हे विचारा. बरेचदा ती त्याच ट्रस्टच्या जुन्या कॉलेजची असते. प्रमाणपत्रावरचं संस्थेचं नाव आणि मुदत दोन्ही वाचा.

खरी मेख प्लेसमेंटच्या आकड्यांत असते. दहा जणांपैकी एकाला ४० लाख आणि नऊ जणांना ३-३ लाख मिळाले, तरी सरासरी ६.७ लाखच येते. म्हणून मध्यक मागा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. इथे तो ३ लाख आहे. टक्के कशाचे, तेही विचारा. १२० मुलांच्या वर्गात ६० जणांनाच ‘पात्र’ ठरवून ५४ जणांना नोकरी लागली की जाहिरातीत ९० टक्के, वर्गाच्या हिशेबाने ४५. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था उत्तीर्ण विद्यार्थी, नोकरी लागलेले आणि मध्यक पगार असा तक्ता भरून देतात. तो संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा. विद्यापीठातून अजून एकही तुकडी बाहेर पडलेली नसेल, तर ९० टक्के आणले कुठून, हा प्रश्न आलाच.

प्रश्न : प्रवेश रद्द केला तर दाखले अडकवून ठेवतात का?

उत्तर : यूजीसीच्या नियमानुसार मूळ कागदपत्रं पडताळून लगेच परत द्यायची असतात, ठेवून घेता येत नाहीत. फी किती परत मिळेल ते रद्द करण्याच्या तारखेवर ठरतं. म्हणून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.