जळगावसारख्या शहरात पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांची सुरक्षा वाढवायची तर आधी काय करावं?

आधी गाड्यांचा वेग कमी करा. वेगळा सायकल ट्रॅक नंतर. शाळा, बाजार आणि वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० किमीची मर्यादा हवी, आणि ती नुसत्या पाटीने पाळली जात नाही. उंच झेब्रा क्रॉसिंग आणि गाडीला वेग कमी करावाच लागेल अशी आवळलेली वळणं लागतात. कारण साधं आहे: ५० च्या वेगातल्या गाडीचा जोर ३० च्या गाडीपेक्षा पावणेतीन पट असतो. रस्ते सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही माणसं आणि गाड्या एकत्र असतात तिथे ३० चीच मर्यादा सांगितली आहे.

त्यासोबत फुटपाथ मोकळा करा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेनुसार किमान १.८ मीटर सलग मोकळी जागा लागते. आपल्याकडे आधी केळीची गाडी, मग विजेची डीपी, मग लावलेल्या मोटारसायकली. म्हातारं माणूस रस्त्यावर उतरणार नाही तर काय करेल? विक्रेत्यांना हाकलू नका, त्यांना पट्टा आखून द्या.

मात्र शहरातून जाणाऱ्या ५३ क्रमांकाच्या (जुन्या ६ च्या) महामार्गाला ३० च्या मर्यादेचा उपाय जसाच्या तसा चालणार नाही. तिथे सर्व्हिस रोड, पादचारी सिग्नल आणि दुभाजकात थांबायला सुरक्षित जागा मागा, आणि अर्ज महापालिकेसोबत महामार्ग प्राधिकरणाकडेही द्या.